बाबांचं मृत्युपत्र नव्हतं: आम्ही भावंडांनी काय केलं, कुठे चुकलो

दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये मी ३१ वर्षं गिअरबॉक्स उघडले. उघडायला अक्कल लागत नाही. नवा पोरगा आला की भराभर नट-बोल्ट काढून सगळे एका डब्यात टाकतो आणि बसवायच्या वेळी डोकं धरून बसतो. म्हणून आम्ही गोणपाट अंथरायचो आणि जो भाग ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने मांडायचो, खडूने नंबर टाकून. फेब्रुवारी २०२४ मध्ये बाबा मृत्युपत्र न करता गेले, तेव्हा माझ्याजवळ एवढंच शहाणपण होतं. वकील आणि सीए नंतर आले.

आधी घर सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. ताई मिरजेला असते. दादा पुण्यात धनकवडीला बाबांजवळच राहायचा. मी बोपोडीत. धाकटी २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनात गेली. मागे दाजी, भाची आणि शाळेतला भाचा. आई त्याआधीच, २०१५ ला गेली होती. मालमत्तेत धनकवडीचा १९९२ सालचा दोन खोल्या-किचनचा फ्लॅट, तो आई-बाबा दोघांच्या नावावर. एका सहकारी बँकेत ६ लाख ४० हजारांची ठेव. भोर तालुक्यात ३२ गुंठे जिरायत. लॉकरमध्ये आईचे दागिने. आणि तांब्याचा बंब. या सगळ्यात अवघड गेला तो बंब, पण त्याकडे शेवटी येतो.

बाराव्याचा स्टँप पेपर

बाराव्याला गावाकडचे एक काका आले, ते पिशवीत स्टँप पेपर घेऊनच. जेवणं झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई आलीये, दाजी आलेत, पुन्हा सगळे कधी जमणार? आत्ताच हक्कसोडाच्या सह्या घेऊन टाक. बहिणी काय घेतात होय माहेरचं?" काकांच्या मनात काळं नव्हतं. त्यांच्या पिढीत असंच झालं. ताईने ऐकलं असावं, कारण ती आत भांडी आवरता आवरता थांबली.

मी तो कागद घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हटलं, "काका, अजून बाबांचं काय काय आहे तेच आम्हाला माहीत नाही. ताईने नेमकं काय सोडायचं?"

तुमच्याकडेही असा कागद येईल. घरचा कुणी आणेल, नाहीतर 'ओळखीतला वकील' आणेल. कुणाचीही सही घेऊ नका, देऊ नका. काय आहे याची यादी आधी, मग सगळ्या वारसांची नावं सरकारदरबारी आणि सोसायटीत लागणं, आणि कुणी किती ठेवायचं, कुणी सोडायचं हे सगळ्यात शेवटी. नाव लागणं म्हणजे वाटणी नव्हे. नाव लागल्याने कुणाचं काही जात नाही. पण सही आधी झाली की पुढे निघणारी प्रत्येक पावती भांडण घेऊन येते. आमच्याकडे ठेवीची पावती सापडली ती चौथ्या महिन्यात, पंचांगाच्या गठ्ठ्यात. बाराव्यालाच सह्या झाल्या असत्या तर ताईला वाटलं असतं, यांना ठाऊक होतं म्हणून तर घाई केली.

मृत्यूचा दाखला नीट बघा

यात आम्ही पहिल्याच दिवशी चुकलो. हॉस्पिटलात फॉर्म भरायला घाईत जो पुढे झाला त्याने बाबांचं घरी हाक मारायचं नाव लिहिलं. महापालिकेचा दाखला त्याच नावाने आला. आधारवर एक नाव, फ्लॅटच्या करारात दुसरं, दाखल्यावर तिसरं. दुरुस्तीत दोन महिने आणि एक प्रतिज्ञापत्र गेलं. तेव्हा फॉर्म भरताना आधार कार्ड समोर ठेवा. आडनाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, पत्ता अक्षर न् अक्षर ताडून बघा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी; हॉस्पिटलात मृत्यू झाला असेल तर ते कळवतात, घरी झाला तर तुम्हालाच बघावं लागतं. प्रती दहा तरी घ्या. मी तीन घेतल्या आणि तीनदा रांगेत उभा राहिलो.

दाखला फक्त बाबांचाच लागतो असं समजू नका. आईचा आणि धाकटीचाही लागला, कारण फ्लॅट आईच्याही नावावर होता आणि नऊ वर्षांत कुणी तिचं नाव हलवलं नव्हतं.

वही

मी दोनशे पानी वही आणली. डाव्या पानावर वस्तू, उजव्या पानावर कागद कुठे आहे, कुणी पाहिला, नॉमिनी कोण. प्रत्येक नोंदीला नंबर. पहिल्या रविवारी कपाट उघडलं ते दादा, मी आणि भाची अशा तिघांसमोर. ताई मिरजेहून व्हिडिओ कॉलवर. प्रत्येक कागदाचा फोटो तिथल्या तिथे ग्रुपवर टाकला. दादाला आधी ते लागलं. "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" म्हणाला. मी म्हटलं, "आहे रे. पण दहा वर्षांनी तू, मी असू-नसू, पोरांना फोटो दिसतील." खरं सांगायचं तर पूर्ण विश्वास नव्हताही. आठ वर्षं किल्ली त्याच्याकडे होती, आणि माणूस आहे. फोटो टाकायला लागल्यापासून मात्र ताईचे रात्रीचे फोन बंद झाले, हे मी पाहिलं.

वहीत काय काय शोधायचं? फ्लॅटचा नोंदणीकृत करार आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला त्या व्यवहाराचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मिळकत कराचं बिल, पासबुकं, ठेवीच्या पावत्या, एलआयसी, पोस्टाची बचत, लॉकरची किल्ली, जुने कागदी शेअर, सातबारा. पासबुकाच्या नोंदी तीन-चार वर्षं मागे जाऊन वाचा. दर वर्षी एकाच तारखेला कटणारी रक्कम म्हणजे कुठलीतरी पॉलिसी. दहा वर्षांहून जास्त पडून राहिलेल्या ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' नावाचं पोर्टल आहे, नाव आणि पॅन टाकून बघता येतं. देणंही लिहा: उसनवारी, सोसायटीची थकबाकी, हॉस्पिटलचं बिल. बापाचं कर्ज वारसांना फिटवावं लागतं ते मिळालेल्या मालमत्तेपुरतंच, स्वतःच्या खिशातून नाही.

कुणाचा किती

हे आमच्या घरात दोन आठवडे चाललं, कारण सगळ्यांना वाटत होतं की चार भावंडं म्हणजे चार वाटे, संपलं. उत्तर जवळपास तेच आलं, पण वाट वेगळी होती.

आम्हाला १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू. बौद्ध, जैन, शीख यांनाही तोच. मुस्लिम आणि ख्रिश्चन कुटुंबांचे नियम वेगळे. मृत्युपत्र नसेल तर पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास त्याची आई यांना सारखे वाटे. म्हणजे आमची आजी असती तर तीही वाटेकरी होती. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मुलगा जिवंत असताना नातवाला वेगळा वाटा नाही. मुलगी आधी गेली असेल तर तिचा वाटा तिच्या मुलांना, पण जावयाला नाही.

इथेच गंमत झाली. अर्धा फ्लॅट आईचा होता. आई गेली तेव्हा बायकांच्या वारशाचा नियम लागला: नवरा आणि मुलं, सारखे वाटे. म्हणजे आईच्या अर्ध्याचे पाच भाग: बाबा, ताई, दादा, मी आणि तेव्हा हयात असलेली धाकटी. धाकटीला मिळालेला तो दहावा हिस्सा ती गेल्यावर तिच्या वारसांना गेला: दोन मुलं आणि दाजी. त्यामुळे ज्या दाजींना बाबांकडून काहीच येत नव्हतं, त्यांचा सासूबाईंच्या वाट्यातून मात्र फ्लॅटमध्ये हिस्सा निघाला. वकीलबाईंनी फ्लॅटचे १२० भाग करून दाखवले: ताई ३०, दादा ३०, मी ३०, भाची १३, भाचा १३, दाजी ४. ते पान मी वहीत चिकटवलं आहे.

तुमच्याकडे एकाहून अधिक मृत्यू झाले असतील तर तारखांच्या क्रमाने चाला. आधी कोण गेलं, त्या दिवशी कोण हयात होतं, मग पुढचा मृत्यू. एकदम शेवटून हिशोब केलात तर एखादा दाजी सुटतो, आणि त्याची सही राहिली की खरेदीदाराचा वकील बरोब्बर तिथेच बोट ठेवतो.

'नॉमिनी मी आहे'

सोसायटीत बाबांनी दादाला नॉमिनी केलं होतं. कमिटीने फॉर्म पुढे केला, दादाने भरला आणि घरी येऊन म्हणाला की फ्लॅट आता त्याच्या नावावर होणार. तीन आठवडे आम्ही बोलत नव्हतो.

नॉमिनी म्हणजे ताबा घेऊन सांभाळणारा, मालकी वारसांचीच. सहकार कायद्यात २०१९ साली आलेलं कलम १५४ ब-१३ हे स्पष्ट सांगतं: खरे वारस सभासद होईपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घ्यायचं. कंपन्यांच्या शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच म्हटलं, की नॉमिनी झाला म्हणून वारसांचा हक्क बुडत नाही. अपवाद विम्याचा: २०१५ च्या दुरुस्तीनंतर विमाधारकाने आई-वडील, जोडीदार किंवा मुलांना नॉमिनी केलं असेल तर ती रक्कम त्या नॉमिनीचीच धरतात. एलआयसीचे पैसे आले तर आधी हे तपासा.

दादाला हे मी सांगितलं असतं तर त्याने ऐकलं नसतं. वकीलबाईंकडे आम्ही दोघं एकत्र गेलो, त्यांनी सांगितलं, तो गप्प झाला. बाहेर येऊन चहा पिताना म्हणाला, "मग बाबांनी माझं नाव घातलं कशाला?" याचं उत्तर कायद्यात नाही. बाबांना बहुधा वाटलं असेल की नाव घातलं की झालं. बऱ्याच बापांना तसंच वाटतं.

सोसायटीला आम्ही लिहून दिलं की दादाला तात्पुरता सभासद करा आणि वारसांचा कागद आला की सगळ्यांची नावं घाला. नॉमिनेशनच नसेल तर सोसायटी नोटीस बोर्डावर आणि स्थानिक वृत्तपत्रांत नोटीस देऊन हरकती मागवते. वारसाने नाव लावताना हस्तांतराचा प्रीमियम द्यायचा नसतो. कुणी मागितलाच तर उपविधीतला नियम दाखवायला सांगा.

शिवाजीनगर कोर्टाच्या फेऱ्या

कोर्टाचे कागद दोन, आणि लोक त्यांची गल्लत करतात. ठेवी, शेअर, येणी अशा पैशाच्या गोष्टींसाठी सक्सेशन सर्टिफिकेट, १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याखाली. घर, जमीन यांच्यासाठी वारस दाखला, म्हणजे हेअरशिप. तो चक्क १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो. कंपनी सरकारच्या काळातला नियम अजून धनकवडीच्या फ्लॅटला लागतो, हे ऐकून भाची हसली होती. नोटरीसमोर केलेली वंशावळ किंवा प्रतिज्ञापत्र हे यांपैकी काहीच नव्हे, भले त्यावर चार शिक्के असोत.

दोन्हींची गरज प्रत्येकाला पडतेच असं नाही. सगळे वारस एकमताचे असतील तर सोसायटी कौटुंबिक व्यवस्थेच्या कागदावरही नावं लावू शकते, त्या १५४ ब-१३ कलमातच तशी सोय आहे. पण फ्लॅट पुढे विकायचा असेल तर खरेदीदाराला कर्ज देणारी बँक हेअरशिप मागते. आम्हाला पुढेमागे विकावं लागणार हे दिसत होतं, म्हणून आधीच अर्ज केला. ठेवीला नॉमिनी नव्हता आणि रक्कम बँकेच्या मर्यादेबाहेर, म्हणून सक्सेशनही. आता यात बदल झाला आहे: सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने नवे निर्देश काढले. नॉमिनी नसला तरी व्यापारी बँकांत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंत सोप्या पद्धतीने दावा निकाली काढायचा, आणि कागद पूर्ण मिळाल्यावर १५ दिवसांत. आमची ठेव सहकारी बँकेतली, ६ लाख ४० हजारांची. आजही ती मर्यादेबाहेरच गेली असती. तुमची आत बसत असेल तर शाखेत हे निर्देश सांगून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारलंत की 'कोर्टातून आणा' हे तयार उत्तर मिळतं.

अर्ज जुलै २०२४ मध्ये, दाखले हातात मार्च २०२५ मध्ये. मधे वृत्तपत्रात नोटीस, हरकतीची मुदत, माझी साक्ष. अर्ज कुणा एकाने केला तरी चालतो, बाकीच्यांनी ना-हरकत द्यायची. आम्ही सगळ्यांनी मिळून केला. ताईला तारखेला मिरजेहून यावं लागलं नाही, तिने प्रतिज्ञापत्र पाठवलं. सक्सेशनची कोर्ट फी रकमेच्या प्रमाणात असते, म्हणून यादीत रक्कम व्याजासकट बरोबर लिहा; चुकली तर दुरुस्तीचा अर्ज आणि आणखी दोन तारखा. अनुभवाने सांगतो.

भाचा अज्ञान होता

कायद्याच्या भाषेत अठरा पूर्ण नसलेला तो 'अज्ञान'. भाचा हे वाचून चिडला होता. अज्ञान मुलाचा स्थावर मालमत्तेतला हिस्सा बापालाही कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता किंवा सोडता येत नाही. दाजींनी सही केली म्हणून चालत नाही. असा व्यवहार मुलगा सज्ञान झाल्यावर रद्द करून मागू शकतो, म्हणून जाणता खरेदीदार त्याला हात लावत नाही. परवानगीचा अर्ज करायचा की थांबायचं? भाचा ऑगस्ट २०२५ मध्ये अठराचा होणार होता. आम्ही थांबलो. वर्षभरात भाव थोडा वाढलाच.

हक्कसोडपत्र करायचंच तर

दाजी म्हणाले, "माझे ते चार भाग मुलांच्या नावावर करून टाका, मला काय करायचेत." हे हक्कसोड चांगलं, कारण सोडणाऱ्याला आपण काय सोडतोय ते आकड्यासकट माहीत होतं. आई-वडिलांकडून आलेल्या मिळकतीतला हिस्सा भावंडं, मुलं अशा जवळच्या नात्यात मोबदला न घेता सोडला तर मुद्रांक ५०० रुपये. ऑक्टोबर २०२४ पर्यंत तो २०० होता. नोंदणी फी वेगळी. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी हवीच. साध्या स्टँपवर सही करून कपाटात ठेवलेला कागद घराच्या बाबतीत कामाचा नाही.

मोबदला घेऊन हक्क सोडला तर मात्र ते खरेदीसारखं धरतात आणि मुद्रांक त्या हिशोबाने, पुणे शहरात पुरुषाच्या नावे सात टक्क्यांच्या घरात. म्हणून लोक कागदावर 'बिनमोबदला' लिहितात आणि खाली रोकड देतात. आमच्याही एका शेजाऱ्याने तसं केलं. बहिणीला ठरलेल्यातले निम्मे पैसे मिळाले, निम्म्यांचा पुरावा कुठेच नाही, आणि कागद म्हणतो तिने प्रेमाने सोडलं. पैसे घ्यायचे असतील तर चेकने घ्या, कागदावर लिहा, मुद्रांक भरा. सोडायचं असेल तर खरंच सोडा. आणि हक्क कुणाच्या नावे सोडला ते कागदात नीट हवं, 'भावाला' असं मोघम नको.

सातबारा

भोरच्या बत्तीस गुंठ्यांवर अजून आजोबांचं नाव होतं, आणि ते १९८८ ला गेले. म्हणजे आधी आजोबांचे वारस: बाबा, चुलते आणि दोन आत्या. एक आत्या ८२ वर्षांची. मग बाबांचे वारस. स्टँप पेपरवाल्या काकांनी पुन्हा विचारलं, आत्यांची नावं घालायची काय गरज. मी आत्याला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "जमीन नको रे, नाव राहू दे."

मृत्यूनंतर तीन महिन्यांत गावच्या तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) वारसाची वर्दी द्यायची, किंवा 'ई-हक्क' या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करायचा. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते, प्रतिज्ञापत्र. फेरफार (सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद) पडतो, संबंधितांना नोटीस जाते, पंधरा दिवस हरकतीची वाट बघतात आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. २०२५ मध्ये सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, मेलेल्यांची नावं काढून वारसांची लावायची. आजोबा त्यात एकदाचे सुटले. मंजूर झाल्यावर सातबारा काढून प्रत्येक नाव वाचा. आमच्या भाचीचं आडनाव चुकलं होतं.

वाटप केलं नाही. जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे तुकड्याचं किमान माप, वीस गुंठे; बत्तीस गुंठ्यांचे एवढ्या वाटेकऱ्यांत तुकडे केले तर तुकडेबंदी कायद्यात अडकतात. सामाईक नाव आहे, तांदूळ चुलते पिकवतात, दर दिवाळीला प्रत्येक घरी दहा किलो येतो. त्या जमिनीपुरता एवढाच व्यवहार आहे.

दादाने केलं त्याचं काय

आठ वर्षं बाबांचं डायपर, इन्सुलिन, रात्रीची खोकल्याची ढास हे सगळं दादा आणि वहिनीने केलं. कायद्यात सेवेला वाटा नाही. मी महिन्यातून दोनदा जायचो, फळं घेऊन. हा विषय कुणीतरी काढायला हवा होता, आणि दादा स्वतःच्या तोंडाने काढणार नव्हता.

काढला ताईने. म्हणाली, ठेवीतला माझा वाटा दादाला. मग मीही तेच म्हटलं. ६ लाख ४० हजारांचे चार वाटे १ लाख ६० हजारांचे. ताईचा आणि माझा दादाला गेला, धाकटीच्या मुलांचा मुलांनाच. भाची म्हणत होती आम्हीही देतो. मी नको म्हटलं. आईविना पोरांकडून घ्यायचं नव्हतंच, शिवाय सीएने सांगितलं की मामाने भाच्याला दिलेली भेट करमुक्त असते, पण भाच्याने मामाला वर्षात ५० हजारांहून जास्त दिली तर ती मामाचं उत्पन्न धरतात. कर कायद्याच्या नातेवाइकांच्या यादीत भाचा मामाचा कुणी लागत नाही. पैसे खात्यातून खात्यात, सोबत साध्या कागदावर 'प्रेमापोटी भेट' एवढं लिहून दोघांच्या सह्या.

फ्लॅट सप्टेंबर २०२५ मध्ये ६६ लाखांना गेला. प्रत्येक विकणाऱ्याच्या नावे वेगळा चेक, त्याच्या वाट्याएवढाच; कुणा एकाच्या खात्यात घेऊन मग वाटायचं, हे करू नका. ताई, दादा, मी साडेसोळा लाख, भाचा-भाची सव्वाआठ लाख प्रत्येकी. वारशाने मिळालं त्यावर कर नाही, विकलं त्यावर भांडवली नफ्याचा कर आहे. २००१ च्या आधीचं घर असेल तर मूळ किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चा बाजारभाव धरता येतो, त्यासाठी मूल्यांकन करून घ्या. विक्री ५० लाखांपासून पुढे असेल तर खरेदीदार एक टक्का टीडीएस कापतो, तो प्रत्येकाच्या पॅनवर पडला का ते बघा. बाबांचं त्या वर्षाचं रिटर्नही वारस म्हणून नोंदणी करून भरावं लागलं. दादाने आंबेगावला छोटा फ्लॅट घेतला.

दागिने आणि बंब

लॉकर सगळ्यांसमोर उघडला. लक्ष्मी रोडला सराफाकडे वजन करून घेतलं, खडे बाजूला ठेवून निव्वळ सोन्याचं वजन लिहून घेतलं. पाटल्या, मोहनमाळ, दोन अंगठ्या, कानातले. चार ढीग वजनाने जवळपास सारखे केले, फरक रोखीने भरला. पाटल्या कुणाला हा प्रश्न निघाला तेव्हा ताई म्हणाली, धाकटीच्या लग्नात आईने त्या तिला देते म्हटलं होतं आणि राहून गेलं. त्या भाचीला गेल्या. तो ढीग थोडा जड होता, कुणी काही बोललं नाही.

उरलेलं घर. इथे वजन चालत नाही. आम्ही चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवला: पहिल्या फेरीत ताई, भाची, मी, दादा, दुसऱ्या फेरीत उलटा, दादापासून सुरू. आपली पाळी आली की एक वस्तू निवडायची, त्यावर वाद नाही, नको असेल तर 'पास'. भांडी, देव, शिलाई मशीन, बाबांचा रेडिओ, सगळं एका रविवारी दुपारी दीडपर्यंत संपलं.

बंब पहिल्याच पाळीत ताईने उचलला. दादाचा चेहरा पडला. आठ वर्षं तोच तो घासत होता. मला तो हवा होता, कारण लहानपणी त्याची गळकी तोटी मी पहिल्यांदा दुरुस्त केली आणि बाबा म्हणाले होते, हा मेकॅनिक होणार. ताईने मिरजेला नेला. महिन्याने फोन आला, "तोटी गळतेय रे. तुझ्याकडे वॉशर असेल ना?" पुढच्या शनिवारी मी वॉशर घेऊन गेलो.